आजचे चिंचोके

सकाळी सहा

तावदानं थरथरली. पाठोपाठ दुसरा दणका. म्हणजे आज फायरिंग आहे. देवळाली कॅम्पात तोफखान्याचं स्कूल आहे, सरावाची मैदानं डोंगरांकडे आहेत आणि इथल्या माणसांना त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते की त्यांचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडेच राहतं. मी मात्र वही उघडून दहाच्या वेळेसमोर पेन्सिलीनं ‘फायरिंग’ असं लिहून ठेवते. दहाला येणाऱ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. अचानक मोठा आवाज झाला की तिचं सगळं अंग ताठ होतं आणि श्वास अडकतो. मग पाच मिनिटं काहीच बोलता येत नाही.

चहा उकळेपर्यंत चिंचोके मोजायचे. घरच्या चिंचेचे आहेत, धुऊन उन्हात वाळवलेले. शंभराची एक पुरचुंडी, अशा पाच. मुलानं एकदा शब्द म्हटला की एक चिंचोका डब्यात. थेरपी संपली की डबा त्याच्या हातात, हवा तेवढा वाजवायला. अगदी लहानांसाठी मोठे ठोकळे ठेवते, कारण चिंचोका घशात जायची भीती असते.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत बरीच मुलं अशी असतात, की त्यांना ऐकू नीट येतं, सांगितलेलं कळतं, मनात सांगायचंही खूप असतं. पण बोलण्याची हालचालच जमत नाही.

साडेआठ

लॅम रोडवर नाशिकरोडकडे जाणाऱ्या रिक्षा भरून चाललेल्या असतात. शाळेची मुलं, ड्यूटीवर निघालेले जवान, भाजीच्या पिशव्या. मी चालत जाते.

या गावाच्या नावाचं इंग्रजांनी काय केलं, हे मला मुंबईत शिकताना कळलं. मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बोटीची वाट बघत इथल्या छावणीत ठेवत. बोटी हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटायच्या. ज्याची नोकरीची मुदत उन्हाळ्याच्या तोंडी संपली, तो महिनोन्‌महिने इथं रिकामा बसायचा. उन्हानं, दारूनं, तापानं काहींची डोकी फिरली आणि ‘देवळाली’चं ‘डूलाली’ होऊन इंग्रजीत त्याचा अर्थच ‘डोकं फिरलेला’ असा झाला. ‘डूलाली टॅप’ असंही म्हणत. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. एका गावाच्या नावावर असा शिक्का बसावा याचा मला राग येतो, कारण तोच शिक्का माझ्या खोलीत येणाऱ्या मुलांवर रोज मारला जातो. बोलत नाही म्हणजे मंद. लग्नात, देवळात, शाळेच्या फाटकाशी, आईच्या देखत लोक हा शब्द उच्चारतात आणि मुलाला तो स्पष्ट ऐकू येतो.

नऊ

साडेचार वर्षांचा मुलगा. भगूरहून आत्याबरोबर येतो, कारण आईवडील दोघंही कामावर असतात. त्याचे कान तपासलेले आहेत, उत्तम आहेत. ‘लाल डब्यातली मोठी गाडी काढ आणि खुर्चीखाली ठेव’ म्हटलं की बरोबर ठेवतो. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं तर मान हलवून हसतो. आणि बोलायला गेला की त्याचं तोंड चाचपडत राहतं. ओठ पुढे येतात, मागे जातात, जीभ उगाच बाहेर डोकावते आणि निघतो तो आवाज भलताच. ‘पाणी’ म्हणायचं असतं. एकदा ‘पाई’ येतं, एकदा ‘नापी’, एकदा नुसतं ‘आई’.

बोबडं मूल चुकतं ते ठरलेल्या तऱ्हेनं. ‘गाडी’ची ‘दादी’ करणारं मूल दर वेळी ‘दादी’च करतं. हा मुलगा तोच शब्द तीनदा म्हणताना तीन प्रकारांनी चुकतो, त्यात स्वरसुद्धा चुकतात. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळून थांबतो. आणि बोलण्याची चाल मोडलेली असते, सगळी अक्षरं सारख्याच जोरानं पडतात. याला अप्रॅक्सिया म्हणतात. अमेरिकेतल्या आमच्या व्यवसायाच्या संघटनेनं २००७ साली याच तीन खुणा त्याच्या म्हणून नोंदवल्या. हजारात एकदोन मुलांना हा त्रास असावा असा अंदाज आहे.

ओठ, जीभ दुबळी नसते. याच तोंडानं तो कच्चा पेरू कराकरा खातो. अडचण वरून येणाऱ्या हुकमात आहे. आपण बोलताना सेकंदाला चारपाच अक्षरं सहज काढतो, आणि त्यातल्या प्रत्येक अक्षरासाठी छाती, स्वरयंत्र, टाळू, जबडा, जीभ, ओठ यांनी आपापल्या क्षणी हलावं लागतं. कुणी, केव्हा, किती हलायचं याचा आराखडा मेंदू आधी करतो. या मुलांचा तो आराखडा नीट बसत नाही आणि बसवायचा तर खूप वेळा, नेमकं तेच, पुन्हा पुन्हा करावं लागतं. चिंचोके त्यासाठी.

आपली वर्णमाला मला या कामात फार उपयोगी पडते. क-वर्ग कंठातला, मग च-वर्ग टाळूचा, ट-वर्ग मूर्धेचा, त-वर्ग दातांचा, शेवटी प-वर्ग ओठांचा. तोंडाच्या आतून बाहेरपर्यंतचा रस्ताच जुन्या लोकांनी आखून ठेवला आहे. शिकवताना मी मात्र उलट्या टोकाकडून येते. ‘क’ कुठं तयार होतो हे मुलाला दिसत नाही. ‘प’, ‘ब’, ‘म’ समोर दिसतात. म्हणून याला पहिले शब्द आले ते मामा आणि बाबा. मग आई, आजी. काकाला वर्ष लागलं.

आत्या राहिली. दर खेपेला घेऊन येणारी, दाराशी स्टुलावर बसणारी, तिचंच नाव अवघड. ‘आ’ला जबडा उघडा, मग जीभ दातांमागे टेकवून ‘त्’, तिथून न थांबता जिभेचा मधला भाग टाळूकडे ‘य’साठी, आणि लगेच पुन्हा जबडा उघडून ‘आ’. तो ‘आया’ म्हणतो. कधी ‘ताआ’. तसं झालं की आत्या आपल्या पायांकडे बघत बसते.

आम्ही गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतो. ‘माझ्याकडे बघ. ऐक. आता दोघं मिळून.’ ही रीत अमेरिकेतल्या एडिथ स्ट्रँड यांनी अशा मुलांसाठी पायरीपायरीनं बांधली आहे. आधी दोघं एकदम म्हणायचं, अगदी सावकाश, ओढून: आऽऽत्याऽऽ. मग मी आवाज काढून घेते, नुसते ओठ हलवते. मग मी आधी आणि तो नंतर. मग मी म्हटल्यावर मनात दोन मोजायचे आणि त्यानंतर त्यानं म्हणायचं. कुठल्याही पायरीवर पाय घसरला की एक पायरी खाली. शाबासकी दर वेळी देत नाही. सारखं ‘छान, छान’ म्हटलं की मूल माझ्या तोंडाकडे बघून ठरवतं, आपलं आपण ऐकत नाही.

चाळिसावा चिंचोका पडला. एकेचाळिसाव्याला त्यानं तोंड उघडलं, जीभ वरच्या दातांमागे टेकली ती मला दिसली, आणि ती तिथून निसटून न जाता वर सरकली. ‘आत्या.’ पुरा शब्द, जरा लांबलेला. त्याचा त्यालाच ऐकू आला असणार, कारण तो गप्प झाला आणि हातातला चिंचोका डब्यात टाकायचाच राहिला. बेचाळिसाव्याला पुन्हा ‘आया’.

‘मॅडम, म्हणाला ना तो?’ आत्या उठून उभी राहिली होती.

‘म्हणाला, ताई. पण अजून पक्कं नाही. घरी गेल्यावर कुणापुढे म्हणून दाखवायला लावू नका.’

हे मला सगळ्यांनाच सांगावं लागतं. नवा शब्द पाहुण्यांपुढे मागितला की पोर बावरतं, शब्द मोडतो, आणि पुढच्या खेपेला ते तोंडच उघडत नाही.

दहा

सात वर्षांची मुलगी. हिचा त्रास निराळा. आराखडा ठीक बसतो, पण स्नायूच ताठ आहेत. याला डिसार्थ्रिया म्हणतात. ती चुकते तेव्हा दर वेळी सारखीच चुकते, शब्द जाड, ओढलेले येतात आणि वाक्याच्या शेवटाला आवाज विरून जातो.

हिची थेरपी पायांपासून सुरू होते. पाय लोंबकळत राहिले तर कंबर सरकते, पाठ वाकते, आणि श्वासाला जागा उरत नाही. म्हणून पायांखाली जेवणाचा पाट, दोन्ही बाजूंना चादरीच्या घड्या. मग एका श्वासात किती अक्षरं बसतात ते बघायचं. तिची तीनचार बसतात. ‘मला भूक’ एका श्वासात, ‘लागली’ दुसऱ्या. वाक्य मोडलं तरी चालेल, ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. लाळ पुसायचा रुमाल तिच्या हाताशी ठेवते. तो तिनं स्वतः घ्यायचा, कुणी तिचं तोंड येताजाता पुसायचं नाही.

सव्वादहाला दणका बसलाच. दोन्ही हात वर गेले, मान मागे. मी तिच्या खांद्यांवर हात ठेवून थांबले. अंग सैल पडल्यावर तिनं समोरच्या फळ्यावरची दोन चित्रं बोटानं दाखवली, ‘मोठा’ आणि ‘नको’, आणि खळखळून हसली.

या फळ्याला तिच्या आईचा सहा महिने विरोध होता. चित्रं दाखवायची सवय लागली तर ती बोलायचंच सोडेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते. आजवरचा अभ्यास याच्या उलट सांगतो. चित्रांनी बोलणं घटत नाही, काही मुलांचं तर वाढतं, कारण आधी आपलं म्हणणं पोचतं. आता फोनवरही सोय आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागातून निघालेलं ‘जेलो’ हे ॲप फुकट आहे आणि मराठीत बोलतं. मी तिच्या आईला मालिनी चिब यांच्याविषयी सांगितलं. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनीबाईंनी एका बोटानं टाइप करत लंडनला उच्च शिक्षण घेतलं आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्यांचं उच्चारलेलं बोलणं नवख्याला समजत नाही, लिहिलेलं सगळ्यांना समजतं. हे ऐकून फळा घरी नेऊन भिंतीला लावते असं आईनं कबूल केलं.

साडेअकरा

नवं मूल. दोन वर्षं आठ महिने. वडील लष्करात, घरी तेलुगू बोलतात, शेजारी हिंदी, बाजारात मराठी. गेल्या वर्षी बदली होऊन इथं आले, पुढची बदली कधी येईल सांगता येत नाही. कॅम्पातल्या मुलांची ही एक कायमची अडचण. कुठं तरी घडी बसते आणि सामान बांधायची वेळ येते. म्हणून मी पहिल्याच दिवशी एक जाड वही करून देते, प्रत्येक भेटीची नोंद त्यात, हिंदीत. पुढच्या गावच्या थेरपिस्टनं पुन्हा शून्यापासून सुरुवात करू नये.

पहिला प्रश्न कानांचा. ‘हाक मारली की बघतो’ हे पुरत नाही, रीतसर तपासणी हवी, ती झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. मग जन्म, कावीळ, आकडी, खाणं, खेळणं. हा खेळण्यातल्या कपात चहा ओतून बाहुलीला पाजतो, मलाही देतो. चांगली खूण. बोलण्यात फक्त ‘अ’ आणि ‘म’.

आईनं हळूच विचारलं, की तीन भाषांमुळे झालं का? कुणीतरी त्यांना घरातली भाषा बंद करून नुसतं हिंदी बोलायला सांगितलं होतं. त्यांनी ते आठ महिने केलंही, आणि या आठ महिन्यांत त्या स्वतःच्या मुलाला एक अंगाईसुद्धा म्हणाल्या नव्हत्या, कारण हिंदीतली त्यांना येत नव्हती. मी म्हटलं, आजपासून तेलुगूच बोला. एकाहून जास्त भाषा कानावर पडल्यानं असा विकार होत नाही. आई ज्या भाषेत लाड करते, रागावते, तीच मुलाला आधी मिळाली पाहिजे. पाच शब्द त्यांच्याकडून लिहून घेतले, उच्चार घोकले. पुढच्या भेटीपर्यंत मलाही तेवढं तेलुगू यायला हवं.

अप्रॅक्सिया म्हणाले का? नाही. इतक्या लहान वयात शिक्का मारायचा नाही, कारण खुणा ओळखायला मुलाकडे पुरेसे शब्दच नसतात. ‘संशय’ एवढंच लिहिलं. थेरपी मात्र आजपासून. नाव ठरेपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

एक

डबा. मेथीची भाजी, भाकरी. खाताखाता कागद.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात एकवीस प्रकार धरले आहेत, वाचा आणि भाषेचा दोषही आहे. पण व्याख्येत उदाहरणं दिली आहेत ती स्वरयंत्र काढलेल्यांची आणि अ‍ॅफेझियाची, म्हणजे मेंदूच्या इजेनं भाषा गमावलेल्यांची; दोन्ही मुख्यतः मोठ्या माणसांची. जन्मापासून अप्रॅक्सिया असलेलं पोर त्यात बसवताना दमछाक होते. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते, त्यात थेरपीही येते, पण ती सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. दहाच्या मुलीला मिळते. नऊच्या मुलाला नाही. त्याच्या आत्याला हे समजावताना मला लाज वाटते, कायदा मी केलेला नसला तरी.

अडीच

भगूरकडच्या एका शाळेत. माझा जुना विद्यार्थी चौथीत आहे. आता बोलतो, पण सावकाश, आणि जोडाक्षरांना थबकतो. वाचनाची पाळी आली की बाई त्याला वगळतात. मायेनंच वगळतात, वर्ग हसू नये म्हणून. मी बाईंना म्हटलं, त्याला वगळू नका, आदल्या दिवशी चार ओळी सांगा आणि त्या घरून तयार करून येऊ दे. तोंडी परीक्षेला वेळ दुप्पट द्या. शुद्धलेखनात जास्त चुका झाल्या तर तो आळस समजू नका, ज्यांच्या उच्चारांची जुळणी उशिरा झाली त्यांना अक्षरांची जुळणीही जड जाते. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पन्नास मुलांच्या वर्गात हे जमवणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे.

निघताना तो धावत आला आणि म्हणाला, ‘ताई, मी देवळाली म्हणू?’ आणि म्हणाला. पक्का ‘ळ’. कॅम्पात बाहेरून आलेली मोठी माणसं ‘देवलाली’वर थांबतात.

चार

आता दोन मुलं पाठोपाठ, आणि दोघांच्या आया खोलीत बसणार. आईला बाहेर बाकावर बसवून आत काय चाललंय ते कळू न देणं ही पद्धत मी केव्हाच सोडली. आठवड्यात मी मुलाला तीन वेळा अर्धा अर्धा तास भेटते. उरलेला आठवडा तिचा.

पहिल्या आईनं पिशवीतून शिट्टी, फुगे, स्ट्रॉचं पुडकं आणि वेखंडाची कांडी काढली. वेखंड सासूबाईंनी दिलं, मधात उगाळून जिभेला लावायला. शेजारणीनं जिभेखालचा पडदा कापून आणायला सांगितलं. बाकीचं सामान कुण्या व्हिडिओत बघून. ‘मॅडम, रोज एक तास फुंकून घेते याच्याकडून.’

मी तिला रागावले नाही, कारण मीही हेच केलेलं आहे. शिकून बाहेर पडले तेव्हा जिथं काम करत होते तिथं सगळेच करत: मेणबत्ती विझवा, साबणाचे फुगे उडवा, स्ट्रॉनं कागदाचे कपटे ओढा, ओठाला मध लावून जिभेनं चाटा. एक मुलगा आठ महिन्यांत ओळीनं लावलेल्या मेणबत्त्या एका दमात विझवायला शिकला. ‘फुगा’ हा शब्द त्याला आला नाही. त्याच्या वडिलांनी त्या आठ महिन्यांत लांबून यायजायला किती पैसे घातले असतील, याचा विचार आजही मनात येतो. फुंकताना ओठ जे करतात ते ‘प’ म्हणताना करत नाहीत. वेग वेगळा, जोर वेगळा, वरून येणारा हुकूमही वेगळा. फुंकून बोलणं सुधारतं याला भरवशाचा पुरावा नाही. बोलण्याची हालचाल बोलूनच बसते. फुगे वाढदिवसाला ठेवा, असं मी स्पष्ट सांगते. जिभेचा पडदा खरोखर आखूड असला तर काही उच्चार अडतात, पण त्यामुळे मूल गप्प राहत नाही. कापायचा की नाही ते तपासून ठरवायचं, शेजारच्या सांगण्यावरून नाही.

मग घरी काय करायचं? दिवसातून दोनदा दहा मिनिटं, पाच शब्द. शब्द घरातले: ‘नको’, ‘दे’, ‘चला’, ‘उघड’, आणि कुत्र्याचं नाव. ‘चला’ चपला घालताना, ‘उघड’ बिस्किटाचा डबा हातात असताना. एक गोष्ट मात्र कधी करायची नाही: ‘पाणी म्हण, तरच देईन.’ तहानलेल्या पोराकडून शब्दाची किंमत वसूल करायची नाही. त्यानं तांब्याकडे बोट दाखवलं तरी पाणी द्यायचं, देताना आपण ‘पाणी’ म्हणायचं.

दुसऱ्या मुलाची आई शेवटी एकटी थांबली. तिला एकच विचारायचं होतं. घरातले म्हणतात, तू दिवसभर कामात, त्याच्याशी बोलली नाहीस, म्हणून झालं. मी तिला लंडनच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगितली. तीन पिढ्या, आणि जवळजवळ निम्म्या माणसांना बोलण्याचा असाच विकार. २००१ साली संशोधकांना त्यांच्यात एका जनुकाची बिघडलेली प्रत सापडली, त्याला फॉक्सपीटू म्हणतात. सगळ्या मुलांत तोच दोष असतो असं नाही, बहुतेकांत तो सापडत नाही. पण आईच्या कामावर जाण्यानं अप्रॅक्सिया होत नाही, मोबाइल दाखवल्यानंही होत नाही. तिनं ‘हे लिहून द्याल का?’ असं विचारलं. माझ्या लेटरहेडवर चार ओळी लिहून, सही करून दिल्या. सासूबाईंना वाचून दाखवणार आहे.

साडेपाच

व्हिडिओ कॉल. सिन्नर तालुक्यातला आठ वर्षांचा मुलगा. आई मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, त्यामुळे फोन आजी धरते. कधी छताचे पत्रे दिसतात, कधी नुसता आजीचा अंगठा. ‘आजी, थोडा खाली धरा,’ एवढं म्हटलं की मुलाचं तोंड येतं. माझ्याइतकीच चिंचोक्यांची वाटी त्याच्याकडेही आहे.

त्याला शब्द जमतात, आता बोलण्याची चाल शिकतो आहे. सगळं एकसुरी येतं, पाढे म्हटल्यासारखं. मराठीत तर नुसत्या सुरानं वाक्याचा अर्थ फिरतो. ‘आई आली.’ ‘आई आली?’ ‘आई आली!’ शब्द तेच. मी हातानं हवेत रेघ काढते, वर जाणारी, खाली येणारी, तो त्या रेघेवर आवाज चढवतो.

बऱ्याच खेपा झाल्या. मग एकदा त्यानं ‘आली?’चा सूर बरोबर वर नेला, आणि फोनमागून आजी म्हणाली, ‘येईल रे बाबा, सहाला सुटते ती.’

तिला वाटलं, खरंच विचारतोय. तो माझ्याकडे बघून हसला. मी वहीत तारीख घातली.

सात

दिवसाच्या नोंदी. नऊचा मुलगा, ११२ चिंचोके, त्यात ‘आत्या’ स्पष्ट ९ वेळा. दहाची मुलगी, ३८. चारची दोन मुलं, ९० आणि ७५. सिन्नर, ६०. एकूण ३७५. पाचशे ठरवले होते. नव्या मुलाचे ठोकळे यात धरले नाहीत.

वाचणाऱ्यांच्या घरात, नात्यात, वाड्यात असं एखादं मूल असेल, म्हणून सांगते. दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांच्या मुलाला ‘आई दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडता येत नसतील, तर ‘त्याचे वडीलही उशिराच बोलले’ म्हणत बसू नका. आधी कान रीतसर तपासून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात, त्याचे पैसे पडत नाहीत, सेविकेला विचारा. खासगीत जाणार असाल तर थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, ती आपला क्रमांक आनंदानं दाखवेल. महिन्याभरात बोलतं करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि असं मूल तुमच्यापाशी येऊन काही सांगायला लागलं, तोंड उघडून अडकलं, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. त्याच्या आईकडे बघून ‘काय म्हणतोय हा?’ असं विचारू नका. मनात दहा मोजा आणि त्याच्याकडे बघत थांबा.